बावीस वर्षे मी घरीच होतो

…आनि वर म्हनतात कसं, 'फॉरमॅट आहे तो. फॉरमॅटमध्ये बदल करता येत नाही.' बरं, न्हाई येत तर न्हाई येत. मी कुठं म्हनलं फॉरमॅट मोडा? मी आपलं एवढंच म्हनलं, मॅडम, ह्यात छापलंय, 'सन २००० ते सन २०२२ या कालावधीत मी कोणतेही शिक्षण, नोकरी अथवा व्यवसाय केलेला नसून मी घरीच होतो', आनि मी तर घरी नव्हतो. मी डेअरीवर हुतो. तवाच अठरा वर्सं झाली हुती मला, गावच्या दूध सोसायटीचा सचिव हाय मी. पहाटं पाचला दूध, संध्याकाळी पाचला दूध, मधल्या टायमाला पेंड उतरवून घ्या, जनावरांच्या डॉक्टरला फोन लावा, फॅट कमी लागली म्हनून भांडायला आलेल्याला चहा पाजा… घरी असतो कधी मानूस? तर पंकजा मॅडम, म्हंजे कॉलेजात ॲडमिशनच्या खिडकीवर बसत्यात त्या बाई, चष्म्यावरून बघत म्हनल्या, 'काका, तुम्हाला एम.ए. करायचंय ना? मग तुम्ही घरीच होता.'

तुमाला सांगतो, मला काय वाटलं न्हाई.

आता तुमी म्हनाल, मच्छिंद्रभाऊ, त्रेचाळिसाव्या वर्सी तुमाला एम.ए.चं कुठून सुचलं, आनि तेबी इतिहासात? गावात हेच इचारत्यात. आमचं गाव कुठलं म्हनाल तर हिवरे बाजार म्हाईत हाय ना सगळ्यांना, त्याच्या अलीकडचं. आमच्या गावाचा पत्ता हाच हाय, 'त्याच्या अलीकडचं'. तर सोसायटीचे चेअरमन राम अण्णा मला म्हनले, 'मच्छिंद्र, एम.ए. करून सचिवाचा काय मोठा सचिव हुनार हाय का?' म्हनलं न्हाई. 'मग इतिहासच का? ते तर झालंय ना सगळं?' झालंय म्हनूनच शिकायचं अण्णा, हुयाचं असतं तर ज्योतिषाकडं गेलो असतो. हसा, तुमीबी हसा. पन खरं सांगू? दोन हजार साली मी बी.ए. झालो, इतिहास विशेष, आनि नगरच्या ह्याच कॉलेजात, नाव न्हाई घेत मी, एम.ए.च्या पयल्या यादीत माझं नाव लागलं हुतं. फी भरायला पंधरा दिवसांची मुदत. अकरा दिवस मी जाऊन बसलो. बाराव्या दिवशी वडलांचा पाय मोडला, गोठ्यात सात जनावरं, मी म्हनलं पुढच्या वर्सी बघू. ते अकरा दिवस कुठं नोंदलेले न्हाईत. पन त्या अकरा दिवसांत एक म्हातारे सर हुते, ते शिकवायला लागले का माझ्या छातीत कायतरी हलायचं. त्याच्यानंतर लगीन झालं, पोरगी झाली, वडील गेले, सोसायटीला तालुक्यात बक्षीस मिळालं, सगळं झालं… पन हललं काय न्हाई. आल्या दुधावानी एकेक दिवस मापून घेतला आनि गाडीत चढवून दिला. म्हनलं एकदा जाऊन बघू, ते अजून हलतंय का. एवढ्यासाठी फॉर्म भरला मी.

भरला म्हंजे पोरीनं भरला. दिशा. ती तवा त्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्साला हुती, तिचाबी इतिहासच. मोबाईलवर टकटक टकटक करून तिनं माझा फॉर्म अर्ध्या तासात पाठवला, म्हनली, 'पप्पा, साठ जागा आहेत आणि अर्ज आलेत नऊ. तुमचं झालंच समजा.' मी समजलो. यादी लागली, नाव न्हाई. दुसरी यादी लागली, नाव न्हाई. नवातली आठ लागली, नववा मी. गेलो खिडकीवर, म्हनलं, मॅडम, बावन्न जागा मोकळ्या हायेत आनि मी एकटाच हाय, मी मावतो. मॅडम म्हनल्या, 'तुम्हाला गॅप आहे.'

गॅप म्हंजे शिक्षनात पडलेला खंड. एका वर्साचा खंड असला तरी स्टॅम्प पेपरवर शपथ घेऊन सांगावं लागतं, का ह्या काळात तुमी काय केलं. म्हंजे काय केलं न्हाई ते. आमच्या पुढं एक पोरगा हुता, एका वर्साची गॅप, तो घामाघूम झालेला. माझी बावीस वर्सांची. मॅडमनी माझी गॅप शेजारच्या टेबलाला दाखवली, शेजारच्यानं पलीकडच्याला, पलीकडच्यानं उठून येऊन माझ्याकडं बघितलं. कुठल्यातरी राजाचं नानं सापडल्यावर बघत्यात ना, तसं बघितलं.

तहसील कचेरीच्या भिंतीला टेकून कानिफनाथ बसतो, टायपिंग आनि प्रतिज्ञापत्राचं त्याचं काम. त्यानं मजकूर वाचला आनि म्हनला, 'भाऊ, तुमी तर सोसायटीत असता.' म्हनलं, घरी असतो, टाईप कर. साक्षीदार म्हनून आमच्या मंडळींना नेलं हुतं. ज्योतीनं कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, 'नोकरी अथवा व्यवसाय केलेला नसून मी घरीच होतो' ह्याच्यावर बोट ठिवलं, म्हनली, 'अहो, बावीस वर्सांत पयला खरा कागद केला तुमी.' आनि काय सही केली तिनं. एवढी ठसठशीत सही तिनं लग्नाच्या दाखल्यावर न्हाई केली. मला काय वाटलं न्हाई. सही पायजे हुती, मिळाली.

तर मिळाली ॲडमिशन. पन कशी? प्रोव्हिजनल. म्हंजे तात्पुरती. म्हंजे काय, तर विद्यापीठाकडनं कागद पक्के हुईस्तोवर मी वर्गात बसायचं, पन विद्यार्थी म्हनून न्हाई. मी इचारलं, मॅडम, मग काय म्हनून बसू? 'बसा हो काका, नुसतं बसा.' लायब्ररीत गेलो, तिथले म्हनले, 'तात्पुरत्यांना पुस्तक घरी नेता येत नाही, इथंच वाचा.' इथंच वाचायला बसलो तर म्हनले, 'ही जागा विद्यार्थ्यांसाठी आहे.' मी उभं राहून वाचलं. उभ्यानं वाचता येतं, पाय दुखत्यात फक्त. आनि गावात काय, माझ्या वाढदिवसाला अण्णांनी डेअरीसमोर फ्लेक्स लावला, माझा फोटो, डोक्यावर फेटा, खाली मोठ्या अक्षरात, 'एम.ए. (प्रोव्हिजनल)'. अण्णांना वाटलं साध्या एम.ए.पेक्षा वरचं असंल. दोन महिने तो फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत हुता, मी त्याच्या खालनं रोज दुधाचे कॅन घेऊन जायचो.

आनि मग माझ्या हातनं चूक झाली. माझ्याच हातनं, दुसऱ्याला बोल लावनार न्हाई मी. पयलं लेक्चर साडेसातचं, आनि दुधाची गाडी हालायला आठ. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसली तर परीक्षेला बसू देत न्हाईत. कोनीतरी सांगितलं, नोकरी करनाऱ्या विद्यार्थ्याला हजेरीत सवलत हाय, संस्थेचं पत्र आना. आता बघा, मी सचिव मानूस. आपल्याकडं सवयच अशी पडलेली, कागद मागितला का कागद द्यायचा. कोन मागतंय, कशाला मागतंय, मागं काय लिहून दिलंय, हे बघायचं न्हाई. रेशनच्या कागदावर उत्पन्न कमी, कर्जाच्या कागदावर जास्त. एका दाखल्यात एकत्र कुटुंब, दुसऱ्यात विभक्त. सगळं गाव असंच चालतंय आनि कोनाचं काय अडलेलं न्हाई, कारन ते दोन कागद जन्मात कधी एका टेबलावर येत न्हाईत.

माझे आले.

पत्र लिवलं मीच, जावक नंबर टाकला मीच. 'श्री. मच्छिंद्र हे आमच्या संस्थेत सन २००४ पासून आजतागायत अखंड कार्यरत असून या अठरा वर्षांत ते एकही दिवस घरी राहिलेले नाहीत.' ते शेवटचं जरा जोरात झालं. सचिवाला आपल्या संस्थेचं पत्र जोरात लिवायची सवय असती. अण्णांनी न वाचता सही केली, अण्णा वाचून सही करत न्हाईत, तो त्यांचा बाणा हाय. शिक्का मारला, नेऊन दिलं, आनि महिन्याभरानं छाननी समितीनं बोलावलं.

तीन जन बसलेले. मधल्या साहेबांसमोर माझे दोन्ही कागद, शेजारी शेजारी, नवरा-नवरीवानी. साहेब नुसते 'हं… हं…' करत एकदा ह्याच्याकडं बघायचे, एकदा त्याच्याकडं. मग म्हनले, 'या कागदाप्रमाणे तुम्ही बावीस वर्षे घरीच होता. या कागदाप्रमाणे अठरा वर्षे तुम्ही एकही दिवस घरी नव्हता. तुम्ही नक्की कुठे होता?'

खरं सांगतो, एवढा खोल प्रश्न मला आयुष्यात कोनी इचारला नव्हता. मी विचारच करत बसलो. खरंच, कुठं हुतो मी? दुधाच्या टायमाला डेअरीवर हुतो, जेवायला घरी हुतो, लग्नाकार्यात मांडवात हुतो, फोटोत हाय मी, पन हुतो का? साहेब म्हनले, 'बोला.' मी म्हनलं, 'साहेब, हुतो असाच.' त्यांनी लिहून घेतलं, 'समाधानकारक उत्तर नाही.' मला काय वाटलं न्हाई. मलाबी ते समाधानकारक वाटलं नव्हतं.

म्हनलं, एक कागद मागं घेतो. 'घेता येणार नाही, दोन्हींना आवक नंबर पडलाय.' मग एक खोटा हाय असं लिहून देतो. 'कोणता?' आता आली का पंचाईत? शपथेचा कागद खोटा म्हनावा तर खोटी शपथ घेतली म्हनून विद्यार्थी मच्छिंद्र अडकतो. डेअरीचा खोटा म्हनावा तर खोटा दाखला दिला म्हनून सचिव मच्छिंद्र घरी जातो, आनि मग घरीच हुतो हे खरं व्हायला लागतं. कानिफनाथाला इचारलं, तो टाईपरायटर झाकत म्हनला, 'भाऊ, असला कागद मी टाईप करत न्हाई, मला लेकरंबाळं हायेत.' समितीला म्हनलं, तुमीच सांगा काय करू. 'आमचं काम छाननीचं. ऑफिसला विचारा.' ऑफिसात पंकजा मॅडम म्हनल्या, 'समितीला विचारा.' मी तीन चकरा मारल्या आनि चवथ्या वेळी मधल्या जिन्यात बसून डबा खाल्ला.

आमचे शौनक सर, साधनचिकित्सा शिकवतात, म्हंजे जुन्या कागदातलं खरं कोनतं आनि खोटं कोनतं ते कसं ओळखायचं. वयानं माझ्याहून बारा वर्सांनी लहान, पन लई हुशार. एक दिवस मी वर्गात हात वर केला. म्हनलं, सर, समजा एकाच मानसाचे दोन कागद हायेत, एक म्हनतो तो घरी हुता, एक म्हनतो नव्हता. सर खूश झाले, फळ्याकडं वळले, 'उत्तम प्रश्न, मच्छिंद्रराव. आधी पाहायचं, कागद कोणी आणि कोणाच्या फायद्यासाठी लिहिला.' म्हनलं, दोन्ही त्यानंच लिवले, त्याच्याच फायद्यासाठी. 'मग दोन्ही संशयास्पद. तिसरं साधन शोधायचं.' म्हनलं, सर, तो मानूस जित्ता हाय, तुमच्यासमोर बसलाय, त्यालाच इचारा ना. सर हसले, म्हनले, 'स्वतःबद्दल बोलणारा साक्षीदार? त्याच्यावर तर सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा.' आनि मग वर्ग सुटल्यावर खांद्यावर हात ठेवून हळूच, 'प्रवेशाचं म्हणाल तर… ऑफिसला विचारा.'

तुमाला सांगतो, मी दोन वर्सं असाच बसलो. सवलत न्हाई मिळाली, तर सकाळचं दूध ज्योतीनं घ्यायला सुरुवात केली. तिनं फॅटवरची भांडनं आठ दिवसांत बंद केली, चहाबी बंद केला. मी साडेसातला वर्गात. दर परीक्षेच्या आधी हमीपत्र लिहून द्यायचं, 'माझा प्रवेश रद्द झाल्यास माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' चार परीक्षा, चार हमीपत्रं. चारी परीक्षांचे निकाल लागले, माझ्या नावापुढं 'राखीव'. पास न्हाई, नापास न्हाई, राखीव. दिशा म्हनायची, 'पप्पा, तुम्ही नक्की पास असणार.' असनार आनि हाय, ह्यात फरक असतो बाळा, इतिहास शिकतीस ना तू? विद्यापीठात फोन लावला तर एक बाई गोड आवाजात म्हनायच्या, 'आपल्या महाविद्यालयाच्या ऑफिसला विचारा.' एवढं गोड बोलायच्या का मी कधीकधी नुसतं ऐकायला फोन लावायचो.

आनि वर्गात? वर्गात हललं का काय छातीत? तुमी इचारनार हे मला म्हाईत हुतं. न्हाई हललं. सर शिकवायचे चांगलं, मी लिहून घ्यायचो चांगलं, पन माझं अर्धं ध्यान त्या खिडकीकडं. आपन इथं बसलोय ते खरं हाय का न्हाई हेच ज्याला कळंना, त्याच्या आत काय हलनार? म्हनूनच मला ते कन्फर्म पायजे हुतं. डिग्री नको, फ्लेक्स नको. एकदा कोनीतरी पक्कं म्हना का मी इथं हाय, मग बघू काय वाटतंय ते.

एवढ्यात अभ्यासक्रम बदलला. पंकजा मॅडमनी बोलावून सांगितलं, 'काका, जुना पॅटर्न बंद झाला. तुमचे राखीव निकाल आता त्यात बसत नाहीत. नव्यानं पहिल्या वर्षाला अर्ज करा.' नव्यानं म्हंजे? 'म्हणजे पहिल्यापासून.' मला काय वाटलं न्हाई. पयल्यापासून तर पयल्यापासून, मला कुठं जायचं हुतं? त्यात मधल्या काळात आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. नव्या फॉर्मात अहिल्यानगर, माझ्या जुन्या मार्कशीटवर अहमदनगर. मॅडम म्हनल्या, 'जिल्हा बदललाय तुमचा. स्थलांतराचा दाखला लागेल.' म्हनलं, मॅडम, मी न्हाई हाललो, जिल्ह्यानं नाव बदललं, मी हाय तिथंच हाय. 'तिथंच म्हणजे कुठे?' म्हनलं, घरीच. 'तसं काही प्रतिज्ञापत्र आहे का?' म्हनलं, हाय ना मॅडम, तुमच्याच फायलीत पयला कागद. बघा, इतक्या दिवसांनी तो कागद कामाला आला. पुन्हा प्रोव्हिजनल.

मधल्या काळात दिशा काय थांबली न्हाई. तिला गॅप नव्हती, तिची ॲडमिशन अकरा मिनिटांत झाली, मी घड्याळ लावलं हुतं. एम.ए.ला दुसरी आली, सेटची परीक्षा पास झाली, आनि ह्या वर्सी त्याच कॉलेजात तिला तासिका तत्त्वावर घेतलं. म्हंजे तीबी तात्पुरतीच, पन टेबलाच्या पलीकडची. आनि पयल्या वर्साचं साडेसातचं लेक्चर कोनाला दिलं? दिशाला.

घरात आधीच ठरलं हुतं, वर्गात मी तिला मॅडम म्हननार, ती माझ्याकडं बघनार न्हाई. मोटारसायकलवर मागं बसून आली, गेटच्या अलीकडं उतरली, मी आधी जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. ती आली. साडी नेसलेली, हातात खडू, आनि जुन्या काळी नगर शहरात मातीच्या खापरी नळानं पानी कसं आनलं ते शिकवायला लागली. कुठनं उचललं, उतार कसा धरला, मधी नळातली हवा सुटायला उसासे कसे बांधले… म्हनली, 'याचे कागद फार थोडे उरलेत. पण कागद नसला म्हणून पाणी आलं नव्हतं असं होत नाही. जमिनीत नळ आहेत. जाऊन बघा, हात लावून बघा.'

आनि हललं. बसल्या जागी हललं माझ्या छातीत. पंचवीस वर्सांनी. मला रडायला यायला लागलं, मी वहीत तोंड घातलं, शेजारची पोरगी म्हनली, 'काका, पाणी देऊ का?' म्हनलं, नको, आलंय.

तास संपला. तिनं हजेरी घेतली, वर्गात सहा जन, तिनं पाच नावं घेतली आनि पत्रक मिटलं. मी उठून टेबलापाशी गेलो. आता बघा, माझा एकेक फॉर्म हिनं भरलेला, दोन्ही कागद हिला तोंडपाठ, चार हमीपत्रांचा मजकूर हिनं सांगितलेला. म्हनलं आज पयल्यांदा टेबलाच्या पलीकडं आपलं मानूस हाय, आज हुईल. म्हनलं, मॅडम, माझं नाव न्हाई घेतलं. तिनं पत्रक पुन्हा उघडलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पान उलटून मागं बघितलं. मान वर न करता, अगदी शांत आवाजात म्हनली,

'यादीत नाही. ऑफिसला विचारा.'

तुमाला सांगतो, मला काय वाटलं न्हाई… न्हाई, वाटलं. वाटलं, पोरगी आता परमनंट हुनार.